गैरहजर म्हणजे नाही

अर्जातला सातवा रकाना म्हणतो:
समस्या थोडक्यात सांगा, अडीचशे अक्षरांत,
मोकळ्या जागा धरून.

मी मोकळ्या जागांपासूनच सुरुवात करतो.
रीगाच्या टोकाला, नदी समुद्राला मिळते तिथे,
बोल्डेरायात आमची इमारत,
काँक्रीटचे तयार तुकडे एकमेकांना टेकवून उभी केलेली.
सांध्यांतून जानेवारी आत येतो
न विचारता, बूट न काढता.

एकतीस नंबरात स्काइद्रीते.
रेडिओच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तारा जोडल्या तिनं.
खिडकीच्या फटीत पंचाची गुंडाळी,
आणि चौकटीच्या वहीत सकाळ-संध्याकाळचं तापमान:
चौदा. साडेतेरा. चौदा.
असे अकरा हिवाळे.
(रकाना बारा: तुमच्याकडे पायाभूत आकडेवारी आहे का?
आहे. तिच्यावर जॅमचे डाग आहेत.)

साठ घरं. भिंतींना उबेचा थर चढवायचा
तर एकतीस हात वर व्हायला हवेत.
गेल्या सभेत अठ्ठावीस झाले.

चौतीस नंबरचा आर्वीद्स वारला, त्याला सहा वर्षं झाली.
मुलगा आयर्लंडला अळंबी खुडतो,
वारसाची नोंद अजून व्हायचीच आहे.
आणि कायदा म्हणतो, जो आला नाही तो नाही म्हणाला.
म्हणून आर्वीद्स दर सभेत
मातीखालून नाही म्हणतो,
मध्यरात्री दार वाजलं तरी
शिडी काढून देणारा माणूस.

आम्हाला ते एक वाक्य बदलायचं आहे.
त्यासाठी मागतोय अठरा महिने,
दोघांचे अर्धे-अर्धे पगार,
महिन्यातून चार दिवस एक वकीलबाई,
आणि छपाई.
अर्ज एकोणीस पानांवर गेला,
नमनाला घडाभर तेल,
आणि दिवा कुठे ठेवलाय ते कुणालाच आठवत नाही.

"म्हणजे पैसे येणार ते बोलायला,"
स्काइद्रीते म्हणाली. "आणि माझ्या खिडकीला?"
खिडकीला नाही.
नियमच तसा: काच, लोकर, वीट, पाइप
यांवरचा खर्च अमान्य.
ती हसली नाही. कॉफी ओतली,
आणि साखर किती, तेही विचारलं नाही.

होकाराचं पत्र आलं मे महिन्यात,
हीटर बंद, खिडक्या सताड उघड्या,
थंडी म्हणजे काय ते कुणाला सांगूनही पटू नये असे दिवस.
दोन ओळींवर काट मारलेली होती:
सभेचा चहापाण्याचा खर्च, खुर्च्यांचं भाडं.
खुर्च्या तिनं स्वयंपाकघरातून आणल्या, चार,
एकीचा पाय दोऱ्यानं बांधलेला.
पावती नसल्यामुळे
स्वतःचं योगदान म्हणून त्या धरता आल्या नाहीत.

सप्टेंबरात समितीपुढे गेलो.
कोवळ्या वयाचा एक सल्लागार, टाय जरा सैल,
माझी तेवीस चित्रं शांतपणे बघून म्हणाला:
शहरात असे मेलेले मतदार किती?
मी वकीलबाईंकडे पाहिलं. त्यांनी पाण्याच्या पेल्याकडे.
कुणी मोजलेच नव्हते.

तेव्हापासून आम्ही दारं वाजवतोय.
कामाच्या आराखड्यात हे कलम नव्हतं.
जिना चढायचा, नावाची पाटी वाचायची,
शेजाऱ्याला विचारायचं, हे कुठे असतात?
लीड्सला. जर्मनीत. वरच्या स्मशानात. माहीत नाही,
पण टपालपेटी मीच रिकामी करते.

काल स्काइद्रीतेनं वही दिली.
शेवटच्या पानांवर तापमान नव्हतं.
तिन्ही जिन्यांतली गैरहजर माणसं,
कोण कुठे गेलं, कधी, कुणाचं कोण उरलंय,
सगळं बारीक अक्षरात.
आणि सगळ्यात खाली पेन्सिलीनं
घर क्रमांक एकतीस,
भाचीचा पत्ता, तारीख, सही,
आणि एवढंच:
मी नसले तर
हो.

हे कुठल्या रकान्यात भरायचं
ते विचारणारं पत्र मी फाउंडेशनला धाडलंय.
उत्तर यायचंय.